दुसऱ्यांदा वाच

मी चौथीत जाईपर्यंत आमच्या घरी आलेला प्रत्येक कागद पिठाच्या डब्याखाली जायचा. लाइटचं बिल असो, पंचायतीची चिठ्ठी असो, नाहीतर कुणाच्या लग्नाची पत्रिका. वाचणारं कुणी नव्हतं. नाना, म्हणजे माझे वडील, सहीपुरतं स्वतःचं नाव काढायचे आणि आई अंगठा उठवायची. आठवड्यातून एखाद्या दिवशी पोस्टमन सायकल लावून ओट्यावर टेकले की आई डबा उचलून कागद पुढे करायची. चहा पिता पिता ते जे सांगतील ते खरं. एकदा पोस्टमन रजेवर गेले आणि नानांच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न लागून गेल्यावर चार दिवसांनी आम्हाला पत्रिका कळली. त्या आत्यानं पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. पत्रिका वाचता आली नाही, हे तिला काही केल्या पटेना.

आमचं घर नाशिकच्या बाहेर, मखमलाबादच्या पुढं. एक एकर रान. त्यात मेथी, कोथिंबीर, शेपू आणि बांधाला झेंडू. मी तिसरीत असताना नाना गोणी उचलता उचलता खाली बसले ते बसलेच. उजवी बाजू गेली. वर्षभरानं ते काठी धरून पाय ओढत चालायला लागले, पण उजवा हात परत आला नाही. घरात एकच सही होती, तीही गेली.

तेव्हापासून रान, चूल, बाजार आणि नाना हे सगळं आईचं. धाकटा भाऊ अजून कडेवरच होता. पहाटे तोडणी, मग जुड्या बांधणं, मग टेम्पोत गठ्ठे टाकून मार्केट. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे नदीकाठच्या, बाजारात पोतं अंथरून दिवसभर बसायची. दुपारी मधेच कुणाला तरी माल सांभाळायला सांगून घरी यायची, नानांना भाकरी कुस्करून भरवायची आणि पुन्हा जायची. मी म्हणायचे, "मी भरवते ना." तर म्हणायची, "तू घाईघाईनं घास देतीस. त्यांना ठसका लागतो." नाना जेवल्याशिवाय ती जेवली नाही. जवळजवळ चाळीस वर्षांत एकदाही नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. मला त्याचा रागच यायचा. पण होतं ते असं होतं.

आणि कागद वाचायचं काम माझ्याकडे आलं.

मी ओट्यावर बसायची आणि आई शेजारी. "बोट ठिवून वाच," म्हणायची. शाळेत बाई सांगायच्या तसं प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवायचं आणि पुढे सरकवायचं. ती माझ्या तोंडाकडे बघायची नाही. बोटाकडे बघायची. मला तेव्हा जोडाक्षरं नीट यायची नाहीत. 'कार्यालय', 'प्रमाणपत्र', 'क्षेत्र' असलं काही आलं की माझी जीभ अडायची. मग मी तो शब्द गिळायची आणि पुढचा धरायची. कुणाला कळत नाही, असं मला वाटायचं. शाळेत कळायचं आणि छडी मिळायची. घरी कोण छडी मारणार?

त्याच वर्षी आईचे वडील वारले. आईचं माहेर वणीजवळ. महिना-दीड महिन्यानं मामा आला. आईचा हा धाकटा भाऊ. तिचा त्याच्यावर भारी जीव. येताना गडावरचा प्रसाद, माझ्यासाठी रिबिनी आणि नानांसाठी पानाचा पुडा घेऊन आला. म्हणाला, "आक्के, बाबांच्या माघारी वारस लावायचाय. तुझा अंगठा लागंल. दोन दिवस ये."

आम्ही एसटीनं गेलो. मामाच्या ओटीवर चार-पाच मोठी माणसं बसली होती. एक टोपीवाला कागद घेऊन आला होता. आई म्हणाली, "काय लिव्हलंय ते मला कळाया पायजे."

मामा हसला. "अगं, तुझी पोर शिकती ना? तिच्याकडूनच वाचून घे. आम्ही कशाला मधी पडू? गडावरच्या आईची शपथ, एक अक्षर इकडचं तिकडं नाय."

मी वाचलं. ओटीवरची सगळी मोठी माणसं गप्प बसून माझं ऐकत होती. असं माझ्या आयुष्यात आधी कधी झालं नव्हतं. वाचून झाल्यावर आईनं विचारलं, "समदं वाचलं?"

"हो," मी म्हणाले.

आईनं एकदा मामाकडे बघितलं आणि अंगठा दिला. मामानं माझ्या पाठीवर थाप मारली, "वकील होनार ही पोरगी!" आणि मला पेढा दिला. मग सगळे मिळून तालुक्याच्या कचेरीत गेलो, तिथे आईनं आणखी दोन-तीन अंगठे दिले आणि आम्ही संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. आई वाटेत काही बोलली नाही. मला वाटलं, आजोबांची आठवण येत असेल.

मोठ्या माणसांसमोर मी सरकारी कागद वाचला, ही गोष्ट मी पुढे कॉलेजातसुद्धा मैत्रिणींना सांगायची.

त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत आई बदलली. नेमकी कधी, ते मला सांगता येणार नाही. पण कागद एकदा वाचून तिचं भागेना. "दुसऱ्यांदा वाच," म्हणायची. आणि दुसऱ्यांदा म्हणजे लगेच नाही. मधे भाकऱ्या टाकून व्हायच्या, नानांची आंघोळ व्हायची आणि मग एकदम, "आन बरं तो कागद, परत वाच." पहिल्या वेळी मी काय वाचलं होतं ते तिच्या डोक्यात शब्दाला शब्द असायचं. एक शब्द इकडे तिकडे झाला की, "मघाशी तू 'मुदतीत' म्हनली व्हती. आता 'मुदतीच्या आत' कशी काय झाली?"

तरीही तिचं समाधान होत नसे. तोच कागद ती कंबरेच्या पिशवीत घालून बाजारात न्यायची आणि कुणाही चष्मेवाल्या गिऱ्हाइकाला पुढे करायची. "दादा, जुडी जास्तीची घ्या, पन एवढं वाचून दाखवा." घरी आली की गप्प. माझं आणि चष्मेवाल्याचं जुळलं की नाही, हे ती कधी सांगायची नाही. मला एवढं कळायचं की माझ्यावर पाळत आहे.

सातवीत मी गणितात नापास झाले. निकालपत्र वाचून दाखवताना म्हटलं, "सगळ्यात पास." आई "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं जात होतो. तिनं तिकिटाबरोबर माझं निकालपत्र कंडक्टरच्या हातात दिलं. सगळ्या गाडीदेखत त्यानं ते वरपासून खालपर्यंत वाचलं.

"मावशी, पोरगी वरच्या वर्गात गेली. पन गनिताखाली लाल रेघ हाय."

"म्हंजी?"

"म्हंजी ढकललीये."

गाडी हसली. आईनं मला मारलं नाही. खाली उतरल्यावर नुसती म्हणाली, "मला लिव्हता वाचता येत नाय. ऐकू येतं." मी त्या दिवशी तिचा मनापासून द्वेष केला.

नानांच्या गोळ्यांचंही तसंच. दवाखान्याची चिठ्ठी आधी मी वाचायची, मग औषधाच्या दुकानदाराकडून ती पुन्हा वाचून घ्यायची, आणि घरी येऊन गोळ्यांची पाकिटं मांडून मला पुन्हा विचारायची. "ही पांढरी जेवनाआधी का जेवनानंतर?" दुकानदार एकदा वैतागला. "बाई, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?" आई म्हणाली, "भाऊ, इस्वास हाय म्हनून तर ईचारते. नसता तर दुसऱ्या दुकानात गेले असते." मग दुसऱ्या दुकानातही गेली.

नाना बसल्या बसल्या हसायचे. तेव्हा ते जुडी गुडघ्याखाली दाबून डाव्या हातानं आणि दातानं सुतळी बांधायला शिकले होते. म्हणायचे, "तुझी आई उद्या यमाला म्हनंल, यादी दुसऱ्यांदा वाच." आई आतून ओरडायची, "म्हनंलच! नाव सारखं असलं की माणूस चुकीचा नेत्यात!"

दहावीनंतर मला पुढे शिकवण्यावरून भावकीत बरंच बोलणं झालं. "पोरीला कॉलेजात घालून काय, जुड्याच बांधायच्या ना?" चुलत चुलतीनं आईला तोंडावर विचारलं. आई म्हणाली, "जुड्या मी बांधीन. हिनं वाचायचं." एवढंच. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजचं फाटक कुणी ओलांडलं नव्हतं. मी सकाळी आईबरोबर टेम्पोत गठ्ठ्यांवर बसून मार्केटला जायची, तिथून चालत कॉलेजला. माझ्या दप्तराला मेथीचा वास यायचा. मुली नाक मुरडायच्या. मुरडू देत. मी बी.ए. झाले, तेही मराठी घेऊन, आणि तेही पहिल्या वर्गात. हे मी आजही चार लोकांत सांगते आणि सांगताना मला अजिबात संकोच वाटत नाही.

पदवीचा कागद घरी आणला त्या दिवशी आईनं हात पदराला पुसले आणि म्हणाली, "वाच."

मी वाचला.

"दुसऱ्यांदा वाच."

मी वाचला. मग तिनं तो घेतला आणि शेजारच्या आळीतल्या निवृत्त गुरुजींकडे घेऊन गेली. परत येताना किराणा दुकानातून आली. तिथेही वाचून घेतला होता. मी दारातच उभी होते. "एवढा संशय आहे तर शिकवलंस कशाला?" मी ओरडले.

ती पिठाचा डबा उचलत होती. म्हणाली, "म्हनून तर शिकवली." मला ते उत्तर तेव्हा नुसतं उर्मट वाटलं. मी रात्री जेवले नाही.

लग्न होऊन मी इंदिरानगरला आले. एका शाळेत लिपिकाची नोकरी लागली. दिवसभर माझ्या हाताखालून शेकडो दाखले, अर्ज जायचे. पालक माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवून सह्या करायचे. आणि माहेरी गेले की आई लाइटचं बिल माझ्यापुढे धरून म्हणायची, "बोट ठिवून वाच."

पुढे भावाला मुलगी झाली. त्याची बायको कंपनीत कामाला जायची, त्यामुळे पोर आईनंच वाढवली. तिची वेणी, तिचा डबा, तिचा ताप, सगळं आजीकडे. त्या पोरीला उष्टं पाणीही कुणाचं चालायचं नाही, आणि आजीच्या ताटात मात्र जेवायची. ती शाळेत जायला लागली तशी आईची नवी वाचणारी तयार झाली. मी वाचून दिलेला कागद मी गेल्यावर नातीकडून वाचून घेतला जातो, हे मला भाचीनंच भाबडेपणानं सांगितलं. "आत्या, तुझं सगळं बरोबर होतं हां."

मी पदवीधर, आणि माझं वाचन पाचवीतली पोर तपासते! नवरा म्हणाला, "अगं, म्हातारीची सवय आहे." पण सवय अशी नसते. मला वाटायला लागलं की आईच्या मनात माझ्याविषयी काहीतरी आहे. लेक परक्या घरची, सून-नात आपल्या घरच्या, असं काहीतरी. मग मीही लक्ष ठेवायला लागले. मी आले की ती उशीखालची पिशवी का सरकवते? भाऊ आणि ती बोलता बोलता गप्प का होतात? एकदा वाटलं तर प्रत्येक गोष्टीत तेच दिसतं.

नाना गेले. आईनं त्यांना शेवटचा घासही कुस्करूनच दिला. बाराव्या-तेराव्याला रडली नाही, नुसती पाहुण्यांची पानं बघत होती.

त्यानंतर पाचेक आठवड्यांनी भाऊ मला न्यायला इंदिरानगरला आला. गाडी घेऊन, स्वतः. असा तो कधी आला नव्हता, नेहमी म्हणायचा, "ताई, रिक्षानं ये ना, सिटीत ट्रॅफिक असतं." मी गाडीत बसले तेव्हाच मनात पाल चुकचुकली. आडगाव नाक्यापर्यंत तो इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "ताई, वारसाचा कागद केलाय. तुझी सही आणि आईचा अंगठा. उद्या कचेरीत जाऊ. आज फक्त वाचून ठेवा."

"दे बघू."

सिग्नलला थांबल्यावर त्यानं मागच्या सीटवरची फाइल दिली. मी वाचली. तो वारसाचा कागद नव्हता. हक्कसोडपत्र होतं. मी आणि आई, दोघींनी त्या एक एकरावरचा आपापला हक्क त्याच्या नावे सोडायचा.

"हे वारसाचं नाही रे."

"तेच ते, ताई. शब्दाचा फरक." तो समोर बघत होता. "रान मीच कसतो. तुझ्या घरी काही कमी नाही. आणि आईला कुठं जायचंय? माझ्याकडंच राहणार ना? तिच्यापुढं हे सगळं काढू नको. तिला उगाच संशय येतो. वारसाचा कागद म्हण."

मी हो म्हणाले.

हे लिहायला मला लाज वाटते, पण मी हो म्हणाले. आमच्यात बहिणीनं वाटा मागितला की लोक म्हणतात, वाटा घेतला, आता माहेर कशाला? मला भाऊबीजेला दार उघडं हवं होतं. रान आता शहराच्या तोंडाशी आलं होतं, बाजूला इमारती उठल्या होत्या, हे मला दिसत होतं. भाऊ का घाई करतोय हेही दिसत होतं. तरीही मी माझी सही द्यायचं ठरवलं. पण आईच्या अंगठ्याचं काय, हा प्रश्न मी मनात येऊच दिला नाही. आणि आत कुठेतरी हेही होतं की तिचा माझ्यावर विश्वास नाहीच. तर मग मी तरी कशाला तिच्या बाजूनं भांडू?

घरी पोचलो. भावजय कामावर होती. भाची आतल्या खोलीत नववीचा अभ्यास करत होती. आई ओट्यावर लसूण सोलत होती. फाइल बघून तिनं ताट बाजूला केलं.

"कशाचा हाय?"

"वारसाचा," मी म्हणाले. भाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"वाच."

मी चष्मा लावला.

"बोट ठिव."

"आई, मी काय चौथीत आहे का?" मी हसले. भाऊही हसला.

"ठिव."

मी बोट ठेवलं. वर मोठ्या अक्षरात तो शब्द होता. तो मी सोडला आणि त्याच्या खालच्या ओळीपासून सुरू केलं. "आम्ही खाली सही करणार... मौजे... गट नंबर..." पुढे तो शब्द मधे परत आला. मी 'वारसाचा कागद लिहून देतो की' म्हणाले आणि पुढे सरकले.

आईनं आपला हात माझ्या बोटावर ठेवला. लसणाचा वास असलेला, भेगा पडलेला हात.

"हितं काय व्हतं?"

"कुठं?"

"हितनं तुझं बोट उडलं." तिनं माझं बोट धरून मागे नेलं आणि नेमकं त्या शब्दाखाली ठेवलं. "हितं. आन वरती मोठ्या अक्षरात हाय ते बी हेच हाय."

"काही नाही गं, कायद्याचा शब्द आहे."

तिनं आत हाक मारली. भाची वेणी सोडलेली तशीच बाहेर आली. "ह्यो शब्द वाच, बाय."

पोरीनं वाकून वाचला. बापाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. "ह... क्क... सो... ड... पत्र. हक्कसोडपत्र."

"परत."

"हक्कसोडपत्र, आजी."

आई मान हलवत राहिली. "हां. हाच त्यो. वनीला बी ह्योच व्हता."

मला काही कळेना. "वणीला?"

"तुझ्या मामाच्या ओटीवर. तुला यायचा नाय. तू त्याच्यावरनं उडी मारून फुडं गेली." ती अजिबात चिडलेली नव्हती. बाजारात मेथीचा भाव सांगावा तशी सांगत होती. "दोन वर्सांनी म्या माहेरी गेले तवा तलाठी भेटला. म्हनला, आक्का, तुमचं नाव कमी झालंय, तुमीच लिहून दिलंय. म्या कागद मागून घेतला, त्याला म्हनलं वाच. त्यानं ह्यो शब्द वाचला. म्या त्याला जागा दाखवायला लावली. तुझं बोट जितनं उडलं व्हतं तीच जागा."

मी नऊ वर्षांची होते. मला पेढा मिळाला होता.

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू परत कागदाला हात लावला असता का?" तिनं पदरानं नाक पुसलं. "आन तुझी चूक नव्हती. तुझं बोट उडलं ते म्या बघितलं व्हतं. म्या इचारलं, समदं वाचलं का. तू हो म्हनली. आन म्या माज्या भावाच्या तोंडाकडं बघितलं. वाटलं, पोरीला चार मान्सांत खोटं कशाला पाडू, भावाला कशाला दुखवू. बघून न बघितल्यावानी केलं आन दिला अंगठा. चूक माजी व्हती."

भाऊ चौकटीवरून सरळ झाला. "आई, मामाचं वेगळं. मी काय तुला घराबाहेर काढतोय का?"

"नाय काढत."

"मग?"

"मग कागद कशाला पायजे?"

"सगळेच करतात. पद्धत असते."

"मामा बी हेच म्हनला व्हता." ती उठली, गुडघ्यावर हात देऊन. "तू माजा हाय. तुज्या पोरीला म्या वाढवलंय. उद्या म्या तुज्या बापाला घातली तशी तू मला भाकर कुस्करून घालशील, मला ठाव हाय. पन अंगठा नाय."

"आणि ताईची सही?" भावानं माझ्याकडे बघून विचारलं. त्याला अजून आशा होती.

आईही माझ्याकडेच बघत होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बोटाकडे नाही, तोंडाकडे. म्हणाली, "तिला वाचता येतं. तिचं ती बघंल."

मी कागद फाइलमध्ये घातला आणि फाइल भावाला परत दिली. "मी सही करत नाही."

"ताई, गाडीत तू हो म्हणालीस!"

"गाडीत मी नीट वाचलं नव्हतं."

तो तणतणत विहिरीकडे गेला आणि मोटार चालू करून उगाचच पाणी सोडून बसला. भाची आत गेली. आईनं लसणाचं ताट पुन्हा ओढलं आणि दोन गड्डे माझ्याकडे सरकवले. आम्ही बराच वेळ लसूण सोलत होतो. मग मी विचारलं, "मी मुद्दाम गाळला, हे तुला कळलं?"

"चौथीत व्हतीस तवा बोट थांबायचं, मग उडायचं," ती म्हणाली. "आज थांबलंच नाय."

त्या भाऊबीजेला भावानं फोन केला नाही. मी तशीच गेले, ओवाळलं, तो ताटात ओवाळणी टाकून उठला. भावजय म्हणाली, "ताई, गरम गरम भात वाढते, बसा." तेवढंच. पुढच्या वर्षी तो थोडा बोलला. आता बोलतो, पण रानाचं काढत नाही.

वारसाची नोंद झाली ती तिघांच्या नावे. आई, भाऊ, मी. उतारा हातात आल्यावर आईनं तो माझ्याकडून वाचून घेतला. मी बोट ठेवून, सावकाश, प्रत्येक शब्द वाचला. वाचून झाल्यावर मी वाट बघत राहिले. ती 'दुसऱ्यांदा वाच' म्हणाली नाही. घडी घालून कागद पिठाच्या डब्याखाली ठेवला. मला वाटलं, आता नातीला बोलावेल. तिनं बोलावलं नाही. मी परत निघाले तेव्हाही दारातून वळून बघितलं. मला अजून शंका होती. पण डबा जागचा हलला नव्हता.

दीड वर्षानं आई गेली. शेवटचे दोन महिने भावानं तिला खरंच भाकरी कुस्करून भरवली. ती म्हणाली होती तसंच.

आज भाची कॉलेजात शिकते. मामाकडून आईला काही परत मिळालं नाही. आमचं एक एकर विकलेलं नाही. त्यात मेथी आहे. सातबाऱ्यावर दोन नावं आहेत, भावाचं आणि माझं.